मानेची खुंटी

पुण्याच्या बुधवार पेठेत, अप्पा बळवंत चौकात, शाळा उघडायच्या दिवसांत पुस्तकांचे गठ्ठे डोक्यावरून नेणारी माणसे दिसतात. ओझे मानेवर तोलायचे आणि ते उतरले की त्याच मानेने मागे वळून पाहायचे, अशी ही दोन कामे. ती एकाच जागी कशी साधतात?

घरचे जाते आठवा. खालच्या तळीच्या मधोमध खुंटी असते आणि वरची तळी तिच्याभोवती फिरते. मानेचेही तसेच आहे. मानेत सात मणके. पहिला म्हणजे नुसते कडे. ग्रीक कथेत आकाश खांद्यावर धरणाऱ्या अ‍ॅटलासाचे नाव त्याला दिले आहे. आपण असतो तर शेष म्हटले असते! दुसऱ्या मणक्याची खुंटी या कड्यात शिरते. मान वळते त्यातले जवळजवळ निम्मे वळण याच सांध्यात होते. खुंटी जागेवर राहावी म्हणून तिच्यामागून एक बळकट बंध आडवा गेलेला असतो, आणि त्या बंधाच्या मागेच मज्जारज्जू.

बंध तुटला, किंवा खुंटी जन्मतःच नीट जुळली नाही, तर कडे पुढे घसरते. मज्जारज्जू चेपतो. मग चालताना पाय ताठतात, पायातली चप्पल निसटते आणि कळत नाही, सदऱ्याचे बटण लागत नाही. गावाकडे याला कोणी वारा म्हणतो, कोणी बाहेरची बाधा. शिक्षकांनी एवढे ध्यानात घ्यावे, की आखूड मानेचे, मान वाकडी धरणारे मूल पळताना वारंवार पडू लागले, तर त्याला धडपड्या म्हणून सोडून देऊ नये. आणि केस कापून झाल्यावर मान कडकन मोडून घ्यायची जी हौस आहे, ती अशा माणसाच्या जिवावर बेतू शकते.

आपल्या देशात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग १९४९ साली वेल्लोरला डॉ. जेकब चांडी यांनी सुरू केला. पण या मानेच्या विकाराचा मोठा अभ्यास झाला तो मुंबईत. १९६५ साली ‘ब्रेन’ या इंग्रजी नियतकालिकात डॉ. दाराब दस्तूर, डॉ. नोशीर वाडिया, डॉ. देसाई आणि डॉ. गजेंद्र सिंह यांचा निबंध आला. दाब काढण्याची शस्त्रक्रिया चालू असतानाच मज्जारज्जूत अकस्मात रक्तस्राव होतो, हे त्यांनी त्यात मांडले. रोगी बरा व्हावा म्हणून हत्यार उचलावे आणि घात तिथेच व्हावा! असे अपयश झाकण्याचा मोह कोणालाही झाला असता. या मंडळींनी ते जगापुढे ठेवले, आणि माझ्या मते त्या निबंधाचे मोल यशाच्या दहा निबंधांहून अधिक आहे. पुढे १९६७ साली वाडियांनी जन्मजात दोष असलेल्या २८ रोग्यांचा अभ्यास त्याच नियतकालिकात प्रसिद्ध केला.

घसरलेले मणके तारेने बांधायचे आणि कमरेच्या हाडाचा तुकडा मधे बसवायचा, ही जुनी रीत. पण तार पडली मागच्या बाजूला. सांधा पुढे हलायचा तो हलतच राही. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. अतुल गोयल यांनी १९८८ साली वेगळी वाट धरली. त्यांनी थेट सांध्याच्या दोन्ही बाजूंनाच हात घातला. सांध्यातले कूर्चेचे अस्तर खरवडायचे, तिथे हाडाचे तुकडे भरायचे, आणि पहिल्या व दुसऱ्या मणक्यात स्क्रू बसवून ते पट्टीने जखडायचे. बाजूनेच मेंदूला रक्त नेणारी धमनी जाते, आजूबाजूला शिरांचे जाळे. स्क्रू दोन-तीन मिलिमीटर चुकला तरी अनर्थ. ही पद्धत त्यांनी डॉ. लाहेरी यांच्यासह १९९४ साली प्रसिद्ध केली. २००१ साली जर्मनीच्या हार्म्स यांनी पट्टीऐवजी दांडी वापरून तिचे रूप बदलले, आणि आज दोघांची नावे जोडून ती ओळखली जाते. मान वळणे पुष्कळ कमी होते, हा तोटा आहेच. पण हातपाय गमावण्यापुढे रोगी तो पत्करतात.

कधी खुंटी वर सरकून कवटीच्या तळाशी घुसते. पूर्वी अशा वेळी तोंडातून, घशाच्या मागच्या भिंतीतून जाऊन ती कापून काढीत. २००४ साली गोयल यांनी लिहिले, की सांधा ताणून उघडा, मधे आधार द्या, खुंटी आपसूक खाली येते. अनेक रोग्यांत मग ते कापणे टळले. मानेच्या आणखी काही विकारांचे मूळही याच सांध्याच्या ढिलेपणात आहे, असे ते पुढे म्हणू लागले. ते मात्र सगळ्या शल्यवैद्यांना मान्य नाही, आणि हा वाद नियतकालिकांतून अजून चालू आहे.