डोळ्यातला थेंब आणि तो घालणारा हात

डोळ्यात घालायच्या औषधांचा इतिहास सहसा औषधांचाच म्हणून सांगितला जातो. कोणत्या झाडातून कोणता अर्क निघाला, तो शुद्ध कोणी केला, बाजारात कधी आला, एवढ्यावर तो संपतो. थेंब प्रत्यक्ष घालणारा माणूस त्यातून गळून पडतो. माझ्या मते गेल्या दीडशे वर्षांतला सर्वांत मोठा बदल बाटलीच्या बाहेर घडला. वैद्य, सुईण, परिचारिका किंवा डॉक्टर यांच्याकडे असलेले हे काम रुग्णाच्या स्वतःच्या हाती आले. मात्र ते सोपवताना त्यातले कसब कोणी सोबत दिले नाही. आज औषध ‘लागू पडत नाही’ म्हणून जी तक्रार होते, तिच्यातला बराच भाग या अर्धवट हस्तांतराचा आहे.

हे कसब कधीकाळी किती गांभीर्याने घेतले जाई, ते वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त दिसते. सूत्रस्थानाच्या तेविसाव्या अध्यायात आश्च्योतनाचा, म्हणजे डोळ्यात औषधाचे थेंब सोडण्याचा, विधी आहे. रुग्ण वारा नसलेल्या जागी असावा. वैद्याने डाव्या हाताने डोळा उघडावा, उजव्या हातातल्या शिंपल्यातून कापसाची वात लोंबती ठेवावी आणि तिच्या टोकावरून दोन अंगुळे उंचीवरून नाकाकडच्या कोपऱ्यात दहा-बारा थेंब पडू द्यावेत. मग मऊ कापडाने डोळा टिपावा. उंची, हात, जागा, थेंबांची संख्या, सगळे ठरलेले. सुश्रुताच्या उत्तरतंत्रातही उद्देशानुसार थेंबांची संख्या बदलते. याउलट अंजनाचे पाहा. चरक आणि वाग्भट दोघेही रोजच्या सौवीरांजनाचा उल्लेख दिनचर्येत करतात, म्हणजे दात घासण्याच्या आणि अंगाला तेल लावण्याच्या पंगतीत. ते माणसाने स्वतः करायचे काम. डोळ्याला बोट लावण्याची आपल्याकडे कधीच भीती नव्हती. काजळ घरोघरी होते. पण औषधाचा थेंब ही दुसऱ्याने करायची क्रिया मानली गेली, आणि ही विभागणी मला अगदी विचारपूर्वक केलेली वाटते. काजळाची काडी फिरवताना डोळा कुठे आहे ते बोटाला कळते. वरून पडणाऱ्या थेंबाचा नेम मात्र ज्या डोळ्याने धरायचा, त्याच डोळ्यात तो पडायचा असतो.

यावर कोणी म्हणेल की ग्रंथातला विधी म्हणजे प्रत्यक्ष व्यवहार नव्हे, आणि दहा-बारा थेंब आजच्या हिशेबाने निरर्थकच. दोन्ही मुद्दे मान्य. ते काढे होते, डोळा त्यांनी धुतला जाई, आणि सर्व वैद्य दोन अंगुळे मोजत असतील असे मानायचे कारण नाही. माझा मुद्दा त्या काढ्यांच्या गुणाचा नाही. औषध काय आहे याइतकेच ते कसे पडते हेही लिहून ठेवण्याजोगे आहे, असे त्या लेखकांना वाटत होते, एवढेच मला त्यातून घ्यायचे आहे.

युरोपातही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत महत्त्वाचा थेंब दुसऱ्याच्याच हातून पडत होता. 1880च्या सुमारास लाइपझिगच्या प्रसूतिगृहात कार्ल क्रेडे यांनी नवजात बाळाच्या डोळ्यात सिल्व्हर नायट्रेटच्या दोन टक्के द्रावणाचा एकेक थेंब काचेच्या कांडीने सोडायला सुरुवात केली आणि बाळांना आंधळे करणारा संसर्ग सुमारे दहा टक्क्यांवरून एक टक्क्याच्याही खाली आला. 1884 साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबाने डोळा बधिर होतो हे दाखवले. प्रयोगात त्यांनी स्वतःच्या डोळ्यातही थेंब घातला, पण शस्त्रक्रियेच्या टेबलावर तो डॉक्टरच घालणार होता. हे प्रसंग एकदाच घडणारे: एक थेंब, एक जाणता हात, काम संपले.

चित्र बदलले ते काचबिंदूने. 1857 मध्ये आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे यांनी या रोगावर बुबुळाचा तुकडा कापून काढण्याची शस्त्रक्रिया मांडली. तोवर वैद्यकाकडे फारसे काही नव्हते. औषध आले ते अनपेक्षित वाटेने. पश्चिम आफ्रिकेतल्या कॅलाबार भागात आरोपीची परीक्षा घेण्यासाठी एक विषारी बी खायला देत. ओकला तर निर्दोष, मेला तर दोषी. एडिंबरोत 1860च्या दशकात या बीच्या अर्काने बाहुली आकसते असे आढळले आणि 1876 साली स्ट्रासबुर्गचे प्राध्यापक लुडविग लाक्वेर यांनी तो काचबिंदूवर वापरला. लाक्वेर स्वतः काचबिंदूचे रुग्ण होते. हे थेंब त्यांनी आपल्याही डोळ्यात घातले आणि अखेरीस शस्त्रक्रियाही करून घेतली. औषधाने काचबिंदू रोखण्याच्या प्रथेच्या उगमाशीच स्वतः थेंब घालणारा एक रुग्ण उभा आहे, पण तो नेत्रवैद्य होता, हे विसरून चालणार नाही. पाठोपाठ ब्राझीलमधल्या जाबोरांडीच्या पानांतले पायलोकार्पिन आले. त्याचा परिणाम काही तासच टिके, म्हणून ते दिवसातून चार वेळा, तेही आयुष्यभर घालावे लागे. दिवसातून चार वेळा कोणता डॉक्टर घरी येणार? काम आपोआप रुग्णाकडे गेले. रुग्ण त्यासाठी तयार आहे का, हा विचार कोणी करून ते झालेले नाही. मोतीबिंदूच्या बाबतीत हेच आपल्याकडे बरेच उशिरा घडले. नेत्रशिबिरांच्या काळात शस्त्रक्रियेनंतर रुग्ण काही दिवस खाटेवर असे आणि थेंब घालायला परिचारिका असे. आता तो त्याच दिवशी घरी जातो, हातात बाटल्या आणि वेळांचा कागद घेऊन.

मग बाटलीने तरी हे काम सोपे केले का? काचेचा वेगळा ड्रॉपर जाऊन दाबायची प्लास्टिकची बाटली आली, हे स्वच्छतेच्या दृष्टीने बरेच झाले. पण शिंपल्यातल्या वातीवरून थेंब आपल्या वजनाने पडतो. बाटली दाबावी लागते, आणि हे औषध लागते ते बहुधा सांधे आखडलेल्या, बोटे थरथरणाऱ्या वयात. शिवाय बाटलीचे टोक पापणीला टेकले की उरलेले सगळे औषध दूषित होऊ शकते. साधारण बाटलीतला थेंब 40 ते 50 मायक्रोलिटरचा असतो आणि पापणीच्या कप्प्यात 30च्या आसपासच मावते. म्हणजे एकच थेंब पुरून उरतो. दुसरा घातला तर तो गालावर ओघळतो किंवा अश्रुनलिकेतून नाकात आणि तिथून रक्तात जातो. काचबिंदूवरचे टिमोलॉलसारखे औषध दम्याच्या रुग्णाला धोक्याचे ठरते ते याच वाटेने. थेंबानंतर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा काही मिनिटे दाबून धरला, तर रक्तात जाणारे औषध बरेच कमी होते. 1984 मध्ये हे मोजून दाखवले गेले. आजही औषधाच्या चिठ्ठीवर ‘1 थेंब × 2 वेळा’ एवढेच असते. कोपऱ्याचा उल्लेख क्वचितच.

डॉक्टरांचा नेहमीचा आक्षेप असा की खरी अडचण विसरण्याची आणि खर्चाची आहे. थेंब काय, कोणीही घालतो. विसरणे खरे आहे, खर्चही खरा आहे. पण रुग्णांना थेंब घालायला सांगून प्रत्यक्ष पाहिले, तेव्हा काय दिसले? 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत चित्रीकरण करून तपासले गेले. आपल्याला काही अडचण नाही, असे नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांनी सांगितले होते; बाटली न टेकवता एकच थेंब डोळ्यात पाडणारे चाळीस टक्केही भरले नाहीत. दिल्लीच्या एम्समध्ये 70 रुग्णांवर झालेल्या आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर दहांतल्या नवांच्या जवळपास लोकांना ते नीट जमले नाही. हे लोक विसरलेले नव्हते, औषध त्यांच्या हातातच होते. नुसते विचारले असते तर ‘जमते की’ हेच उत्तर मिळाले असते, आणि दवाखान्यात बहुधा तेवढेच विचारले जाते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: औषधे सुधारली, तशी कटकटही कमी झाली. पायलोकार्पिन चार वेळा, 1978 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले टिमोलॉल दोन वेळा, 1996चे लॅटॅनोप्रोस्ट रात्री एकदा. वेळा कमी झाल्या हे निर्विवाद. पण चारांतला एक थेंब गालावर गेला तर तीन उरत होते. एकच असेल आणि तोच हुकला, तर त्या दिवसाचा उपचार बुडाला. वेळा जितक्या कमी, तितका प्रत्येक थेंबाच्या नेमाला भाव अधिक. घरात सून, नात, शेजारीण आहे की, असेही म्हणतात. असेल तर उत्तमच. आश्च्योतनाची जुनी मांडणी तिथे परत येते. पण तिलाही कोणी शिकवलेले नसते, आणि रात्रीच्या थेंबासाठी रोज कोणाची वाट पाहणे म्हातारपणी जिवावर येते. पाठीवर झोपून घालायचे, खालची पापणी ओढून खळगा करायचा, बाटलीचा हात कपाळावर टेकवायचा, ही युक्ती पाच मिनिटांत दाखवता येते, आणि पुढच्या खेपेला करवून पाहताही येते. इन्सुलिनची सुई घरी नेणाऱ्याला सहसा ती आधी टोचून दाखवावी लागते. डोळ्याच्या बाटलीला अशी परीक्षा नाही, याचे कारण मला एवढेच दिसते की ती निरुपद्रवी वाटते.

हाताला पूर्ण वगळण्याचे प्रयत्नही झाले. 1974 मध्ये अमेरिकेत पायलोकार्पिनची एक चकती मान्य झाली. पापणीखाली ठेवली की ती आठवडाभर औषध सोडत राही. कल्पना फार सुंदर होती. पण चकती डोळ्यातून निसटून पडे, खुपे, महागही होती. आणि ती पापणीखाली सरकवायची कोणी, तर पुन्हा रुग्णानेच. 2020 मध्ये बिमॅटोप्रोस्टची विरघळणारी बारीक कांडी आली, ती डॉक्टर सुईने डोळ्याच्या आत सोडतो. काम पुन्हा जाणत्या हाताकडे गेले खरे, पण त्या वेळी मिळालेली परवानगी एका डोळ्यात एकदाच सोडण्याची होती. तिचा परिणाम ओसरला की रुग्णापुढे पुन्हा बाटलीच येते.