२०२३ चा महाराष्ट्र केसरी कोण?

शिरूरच्या बाजारात किंवा दौंड स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर हा प्रश्न विचारून बघा. कुणी सांगेल शिवराज राक्षे, कुणी सांगेल सिकंदर शेख. वाद सुरू होईल आणि गंमत म्हणजे दोघंही बरोबर असतील. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूडला राक्षेने महेंद्र गायकवाडला हरवून गदा घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नगर रस्त्यावरच्या फुलगावला सिकंदरने राक्षेला हरवून गदा घेतली. आणि त्याच नोव्हेंबरमध्ये धाराशिवला राक्षेने हर्षवर्धन सदगीरला हरवून आणखी एक गदा घेतली. एक कॅलेंडर वर्ष, तीन गदा, दोन पैलवान.

हा प्रश्न इथे घ्यायचं कारण असं, की संशोधनाची तयारी करणारे बरेच जण विषय सांगतात तो असा : ‘अमुक पुरस्काराचा इतिहास’, ‘तमुक पदाचे मानकरी’. मग यादी शोधतात, एक्सेलमध्ये टाकतात, आलेख काढतात. मी विज्ञान शाखेतून आलेय. आमच्याकडे मोजमाप घेण्याआधी ‘नेमकं काय मोजतोय’ ते लिहून काढावं लागतं. इतिहासातल्या यादीलाही तोच नियम लागतो. महाराष्ट्र केसरीची यादी घेऊन ते कसं, ते बघू.

आधी थोडी पार्श्वभूमी. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद उभी राहिली आणि तिची अधिवेशनं भरू लागली. ‘महाराष्ट्र केसरी’ किताबाची यादी मात्र १९६१ पासून सुरू होते. त्या वर्षी औरंगाबादला दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. म्हणजे संस्था आधीची आणि किताब नंतरचा. ‘५३ पासूनचे महाराष्ट्र केसरी’ असं कुठे वाचलंत तर तिथेच थांबायचं.

आता यादीतल्या रिकाम्या जागा बघा. १९८९, १९९० आणि १९९१ या सलग तीन वर्षांपुढे नाव नाही, ‘अनिर्णित’ असा शेरा आहे. २०२० आणि २०२१ पुढेही नाव नाही, पण तिथे कारण करोनाचं : स्पर्धाच झाली नाही. एक्सेलमध्ये दोन्ही रकाने रिकामे दिसतात. अर्थ मात्र अगदी वेगळा आहे. एका ठिकाणी मोजमाप झालंच नाही. दुसऱ्या ठिकाणी झालं आणि ‘निकाल नाही’ हाच त्याचा निकाल.

आपल्या भागातल्या जत्रा पाहिलेल्यांना हे चटकन कळेल. भीमेच्या अलीकडे दौंड, पलीकडे शिरूर. चैत्र-वैशाखात दोन्हीकडे गावोगावी यात्रेचे आखाडे भरतात. लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून सुरुवात होते आणि सगळ्यात मोठ्या इनामाची कुस्ती शेवटी लागते. जुन्या रिवाजात जिंकणं म्हणजे चितपट. पाठ लागली नाही तर कुस्ती बरोबरीत सुटते, इनाम दोघांत वाटतात आणि लोक घरी जातात. तिथे अनिर्णित कुस्ती कुणाला अपुरी वाटत नाही. किताबाच्या स्पर्धेचं तसं नाही, गदा दोघांत वाटता येत नाही. आज या स्पर्धेत गुण मोजतात. पंचांनी एखाद्या डावाला दोन गुण द्यायचे की चार, यावर वर्षाचा मानकरी ठरू शकतो. जानेवारी २०२३ मध्ये माती विभागात महेंद्र गायकवाडला सिकंदरविरुद्ध बाहेरच्या टांगेवर चार गुण मिळाले आणि त्यावरून राज्यभर वाद झाला. १९६१ चं नाव आणि २०२३ चं नाव एकाच रकान्यात येतं. तो रकाना भरण्याची पद्धत मात्र मधल्या काळात बदलली आहे.

दुसरा रकाना सालाचा. हर्षवर्धन सदगीर २०१९ चा महाराष्ट्र केसरी म्हणून ओळखला जातो, पण बालेवाडीची ती अंतिम कुस्ती झाली जानेवारी २०२० मध्ये. तुम्ही अधिवेशनाचं साल धरणार की कुस्तीची तारीख? कोणतंही धरा, पण सगळ्या यादीला एकच धरा.

तिसरा रकाना जिल्ह्याचा, आणि सगळ्यात जास्त फसवणारा तोच. ‘कोणत्या जिल्ह्याने किती महाराष्ट्र केसरी दिले’ असा तक्ता करायचा मोह सगळ्यांना होतो. पुन्हा सदगीरच घ्या. गाव अकोले तालुक्यातलं, म्हणजे नगर जिल्हा. खेळला नाशिककडून. सराव पुण्यात काका पवारांच्या तालमीत. त्या अंतिम कुस्तीतला प्रतिस्पर्धी शैलेश शेळके लातूरचा, पण तोही त्याच तालमीतला. जिंकल्यावर सदगीरने त्याला खांद्यावर घेऊन मैदानात फिरवलं. तक्त्यात ही ‘नाशिक विरुद्ध लातूर’ दिसेल, प्रत्यक्षात एकाच आखाड्यात घाम गाळणारे दोघं होते. राक्षेचंही तसंच : घर राजगुरुनगरजवळ, जानेवारी २०२३ ला खेळला नांदेडकडून. म्हणून जन्मगाव, प्रतिनिधित्वाचा जिल्हा आणि तालीम असे तीन वेगळे रकाने करा. मग दिसायला लागेल की पैलवान खेड्यातून येतो आणि घडतो तो बहुतेक वेळा कोल्हापूर-पुण्याच्या तालमीत. वाघोलीचा अभिजित कटके, २०१७ चा विजेता, पुण्याच्या शिवरामदादा तालमीतला. ‘जिल्ह्याची कुस्ती’ म्हणतो ती खरं तर या ये-जा करण्याची गोष्ट आहे.

चौथी गोष्ट यादीत दिसतच नाही, ती म्हणजे वजन. हा किताब वरच्या वजनी गटाचा आहे. अलीकडे ८६ ते १२५ किलो. माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता यांच्यात अंतिम कुस्ती होते. ५७ किलोत २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेचं सुवर्ण आणि ६१ किलोत २०१९ च्या जागतिक स्पर्धेचं कांस्य मिळवणारा बीडचा राहुल आवारे या यादीत नाही, कारण तो या गटात बसतच नाही. तेव्हा या यादीवरून ‘महाराष्ट्राचे सर्वोत्तम मल्ल’ असा निष्कर्ष काढलात तर मार्गदर्शक पहिल्याच पानावर लाल रेघ मारतील. मुलीही यादीत फार उशिरा आल्या. मार्च २०२३ मध्ये सांगलीला प्रतीक्षा बागडीने महिला महाराष्ट्र केसरीची गदा घेतली. त्याआधीच्या साठेक वर्षांत मुली कुस्ती खेळत नव्हत्या, असा याचा अर्थ होत नाही.

आणि आता ज्या प्रश्नाने सुरुवात केली तो : किताब देणारा कोण? २०२२ पासून राज्याच्या कुस्ती संघटनेत फूट पडली. परिषद आणि संघ असे दोन गट आपापली स्पर्धा खरी म्हणू लागले. फुलगाव आणि धाराशिव ही त्याचीच फळं. २०२५ मध्येही तेच झालं. अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ जिंकला, पुढच्याच महिन्यात कर्जतला वेताळ शेळके. आपल्याकडच्या शौकिनाला शिरूरहून नगर रस्त्याने एक गदा बघता आली आणि दौंडहून भीमा ओलांडून दुसरी.

हे सगळं फक्त अभ्यासकांचं डोकेदुखीचं काम आहे असं समजू नका. महाराष्ट्र केसरीला शासनाचं मानधन असतं. तीन वेळा जिंकलेला विजय चौधरी पोलीस उपअधीक्षक झाला. यादीत नाव असणं म्हणजे पोटापाण्याची सोय, आणि तालमीत पहाटे उठणाऱ्या पोराला घरच्यांनी दूध-बदाम-तुपाचा खर्च पुरवायला दिलेलं कारण. म्हणून निर्णयावर एवढा राग निघतो. अहिल्यानगरला राक्षेने पंचाला लाथ मारली, अंतिम कुस्तीत गायकवाड मैदान सोडून गेला, आणि दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. लाथेचं समर्थन नाहीच. पण एका शिट्टीवर काय काय टांगलेलं असतं, हे समजल्याशिवाय या किताबाचा इतिहास लिहिता येणार नाही.

मग करायचं काय? तुमचा विषय कोणताही असो, यादी हातात आली की तक्ता करण्याआधी एक पान लिहा. कोणत्या संस्थेचा निकाल मी धरतोय? साल कोणतं? रिकामी जागा किती प्रकारची? कोणाला या यादीत येण्याची संधीच नव्हती? ‘२०२३ मध्ये मी दोन्ही संघटनांच्या तिन्ही गदा मोजल्या आहेत’ किंवा ‘फक्त संघाच्या मोजल्या आहेत’, दोन्ही चालतं. न सांगता मोजणं चालत नाही.

आणि शिरूर-दौंडकडचे असाल तर एक काम आजच सुरू करता येईल. यात्रेची जुनी हँडबिलं शोधा. कुस्त्यांच्या जोडी, गावं, इनामाची रक्कम, वर्गणीदार, सगळं त्यावर छापलेलं असतं आणि यात्रा झाली की रद्दीत जातं. महाराष्ट्र केसरीपर्यंत कधीच न पोचलेल्या शेकडो पैलवानांची नोंद त्या कागदांवर आहे. दर वर्षीचं एक हँडबिल, मागे तारीख घालून फाइलला लावा. पाच गावांची वीस वर्षांची फाइल झाली, तर तुमच्याकडे आजवर कुणी न वापरलेलं साधन असेल.