फोर्टातलं जादूघर

आमच्या गिरगावातल्या चाळीत फोर्टातल्या फ्रीमेसन हॉलला त्याच्या खऱ्या नावानं कुणी ओळखत नसे. आजीच्या तोंडी ते ‘जादूघर’, तर पलीकडच्या खोलीतल्या काकूंच्या लेखी सरळ ‘भुतांचा बंगला’. तिथे म्हणे रात्री काळ्या कोटातले साहेब जमतात. नव्या माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात, गळ्यात दोर अडकवतात, उघड्या छातीला शस्त्राचं टोक लावतात. पुढे त्याला मढ्याच्या पेटीत निजवतात. आणि आतलं कुणी बाहेर बोललंच, तर त्याची जीभ उपटून समुद्राच्या वाळूत पुरतात. आम्ही पोरं पांघरुणात गुडघे पोटाशी घेऊन हे ऐकत असू आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तीच गोष्ट मागत असू.

आजोबांची गोष्ट मात्र कोरडी होती. ते फोर्टातल्या एका पारशी शेठच्या पेढीवर कारकून. शेठ मेसन, म्हणजे फ्रीमेसन ह्या गुप्त बंधुसंघाचे सभासद होते. ठरलेल्या संध्याकाळी ते एक चपटी, काळी, चामड्याची पेटी आजोबांच्या हाती देत. दोघं चालत हॉलपर्यंत जात. पायऱ्यांपाशी शेठ पेटी स्वतःच्या हातात घेत आणि म्हणत, “जा डीकरा, हवे घेर जा.” आजोबा घरी येत. पेटीत काय असतं, असं आम्ही विचारलं की ते म्हणायचे, “मी विचारलं नाही, शेठनी सांगितलं नाही. नोकऱ्या अशाच टिकतात.”

हा हॉल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. रस्त्याचं आजचं नाव डी. सुखडवाला मार्ग, जुनं नाव रॅव्हेलिन स्ट्रीट. किल्ल्याच्या तटापुढे जो सुटा, टोकदार बुरूज असतो तो रॅव्हेलिन. १८६०च्या दशकात मुंबईचा तट पाडला गेला, मोकळ्या जागेत नवं शहर उभं राहिलं, आणि बुरुजाची आठवण तेवढी पाटीवर उरली. महापालिका, स्टर्लिंग सिनेमा, बोरीबंदर हे सगळं हाकेच्या अंतरावर. तरी बाजूनं रोज जाणाऱ्या हजारोंपैकी आत गेलेला क्वचितच भेटेल. अलीकडे मंडळी अधूनमधून बाहेरच्यांना आत सोडतात, तसा मीही गेलो. सोबतीला एक निवृत्त सभासद होते. अदबीनं बोलणारे, आणि सांगायचं नसलं की फक्त हसणारे.

लॉजच्या, म्हणजे मेसनांच्या शाखेच्या, सभेच्या खोलीत पाऊल टाकलं की आधी नजर खाली जाते. मधोमध काळ्यापांढऱ्या चौकटींची फरशी, भोवती नक्षीची किनार. खोलीच्या तिन्ही दिशांना तीन उंच, कोरीव खुर्च्या: पूर्वेला मास्टरची, पश्चिमेला सीनियर वॉर्डनची, दक्षिणेला ज्युनियर वॉर्डनची. उत्तरेला खुर्ची नाही. तिकडे ऊन पोचत नाही, म्हणून ती अंधाराची बाजू. सूर्य उगवतो तिथून सभा उघडायची आणि मावळतो तिथून मिटायची, असा सगळा हिशोब. नवा सभासद ईशान्य कोपऱ्यात उभा राहतो, कारण इमारतीचा पहिला दगड तिथे बसतो. आपल्याकडेही भूमिपूजनाला ईशान्येचाच मान, हे ऐकून माझ्या शेजारचे एक गृहस्थ एकदम खूश झाले.

दोन्ही वॉर्डनांपुढच्या चौरंगावर वीतभर उंचीचा एकेक लाकडी खांब होता. दक्षिणेचा उभा, पश्चिमेचा आडवा पडलेला. कुणाचा धक्का लागला असावा असं वाटून मी तो उभा करायला हात पुढे केला, तर सोबतच्या गृहस्थांनी हलकेच थांबवलं. सभेचं काम सुरू झालं की पश्चिमेचा खांब उभा राहतो आणि दक्षिणेचा आडवा होतो. विश्रांतीची, जेवणाची वेळ आली की उलट. घड्याळ न पाहता, एक शब्द न बोलता, सगळ्या खोलीला कळतं की आता काम चाललं आहे की सुट्टी. तिथेच दगडाचे दोन ठोकळे होते, एक ओबडधोबड, खाणीतून काढलेला असावा तसा, दुसरा घासूनपुसून चौरस केलेला. माणूस पहिल्यासारखा येतो आणि त्यानं दुसऱ्यासारखं व्हायचं असतं.

ही सगळी सजावट मुळात गवंड्यांची आहे. युरोपातल्या दगडी चर्चांवर काम करणाऱ्या पाथरवटांच्या संघटनांचे रिवाज पुढे सरदार-व्यापाऱ्यांनी उचलले. १७१७ मध्ये लंडनमध्ये पहिलं ग्रँड लॉज निघालं, आणि १७३० च्या सुमाराला कंपनीच्या माणसांबरोबर ही रीत कलकत्त्यात पोचली. मुंबईत पहिलं लॉज १७५८चं. मास्टरच्या गळ्यात लोंबतो तो गुण्या, सीनियर वॉर्डनची खूण पाणसळ आणि ज्युनियरची ओळंबा. कुठल्याही गवंड्याच्या पिशवीत निघतील अशा ह्या वस्तू इथे चांदीच्या झाल्या आहेत, निळ्या फितीत ओवलेल्या आहेत. गुण्या म्हणजे सचोटी, ओळंबा म्हणजे ताठ चाल, आणि पाणसळ म्हणजे इथे सगळे एका पातळीवर.

मग सोबतच्या गृहस्थांनी स्वतःची पेटी उघडली. चपटी, काळी, चामड्याची. आत कातड्याचं पांढरं ॲप्रन, त्याला आकाशी काठ, आणि पांढरे हातमोजे. नव्या सभासदाला मिळतं ते कोकराच्या कातड्याचं कोरं पांढरं ॲप्रन. काम करताना कपडे आणि अंग जपावं म्हणून पाथरवट कमरेला बांधत, तेच हे. म्हणजे आमचे आजोबा शेठचं पाथरवटाचं ॲप्रन मागून वागवत होते. शेठ आत जाऊन मजूर होत, आणि खरा पगारी नोकर पायरीवरून घरी परतत असे.

आजीच्या भुताटकीचाही हिशोब त्याच खोलीत लागला. डोळ्यांची पट्टी खरी, गळ्यातला दोर खरा, उघड्या छातीला टेकवलेलं टोकही खरं. पैसाअडका, अंगठी, धातूची प्रत्येक वस्तू दारात काढून घेतात, म्हणजे माणूस कफल्लक होऊन आत येतो. मढ्याची पेटी दीक्षेच्या तिसऱ्या पायरीच्या चित्रफलकावर रंगवलेली आहे. सॉलोमनच्या देवळाचा कारागीर हिराम, त्यानं गुपित फोडलं नाही म्हणून त्याला मारलं, अशी ती कथा. सभासद तिसरी पायरी चढतो तेव्हा त्यालाच हिराम व्हावं लागतं. नंगी तलवार घेऊन दाराबाहेर उभा राहणारा टायलर तर आजही असतो. राहिली जीभ. जुन्या शपथेत ती उपटून ओहोटीच्या रेषेपाशी वाळूत पुरण्याची शिक्षा शब्दशः होती. ती कुणाला दिली जात नव्हती, पण उच्चारली जात होती. इंग्लंडच्या ग्रँड लॉजनं हे शब्द शपथेतून काढले ते १९८६ मध्ये. चाळीपर्यंत ही माहिती कशी झिरपली कोण जाणे, पण आजीची गोष्ट चाळीच्या मानानं फारच तपशीलवार होती.

हॉलमध्ये जुन्या मास्टरांच्या नावांचे लाकडी फळे आहेत, सोनेरी अक्षरांचे. त्यांच्यापुढे मी सर्वांत जास्त वेळ उभा राहिलो. इंग्रजी आडनावांशेजारी पारशी आडनावं. आज ह्यात काही वाटणार नाही, पण त्यामागे मोठं भांडण आहे. माणेकजी करसेटजी हे मुंबईतले सुधारक पारशी. पुढे १८६३ मध्ये मुलींच्या शिक्षणासाठी अलेक्झांड्रा शाळा काढली ती त्यांनीच, आणि ती शाळाही फोर्टातलीच. त्यांना मेसन व्हायचं होतं, पण मुंबईच्या लॉजनं हिंदी माणसाला दार उघडलं नाही. त्यांनी पॅरिसमध्ये जाऊन दीक्षा घेतली. परत आल्यावर त्यांच्या पाठीशी एक स्कॉटिश डॉक्टर उभा राहिला, जेम्स बर्न्स. डिसेंबर १८४३ मध्ये बर्न्सनं ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज काढलं, मुद्दाम हिंदी लोकांसाठी. त्याच्या दोन वर्षं आधी, नोव्हेंबर १८४१ मध्ये, त्याचे दोन सख्खे भाऊ अलेक्झांडर आणि चार्ल्स काबूलमध्ये जमावानं एकाच दिवशी कापून काढले होते. अशा माणसानं आशियाई लोकांशी बंधुत्वाची शपथ घ्यावी, हे मला आतल्या साऱ्या नक्षीकामाहून मोठं वाटतं.

कलकत्त्यात हिंदूंना आणखी वाट पाहावी लागली. प्रसन्नकुमार दत्त अर्ज करत राहिले. हिंदूंचे देव अनेक, मग ते एका परमेश्वराची शपथ कशी घेणार, असा तिथला आक्षेप होता. १८७२ मध्ये ते आत गेले. त्याच लॉजमध्ये १८८४ मध्ये नरेंद्रनाथ दत्त आले, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद. आज भारतातल्या लॉजच्या वेदीवर गीता, कुराण, बायबल, अवेस्ता, गुरू ग्रंथसाहिब असे ग्रंथ असतात, आणि ज्यानं त्यानं आपापल्या ग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यायची असते. मुंबईच्या पारशांनी तर ही रीत आपलीच करून टाकली. खर्शेदजी रुस्तमजी कामा पन्नास वर्षं मेसन राहिले म्हणून जीवनजी जमशेदजी मोदींनी १९०७ मध्ये त्यांचा गौरवग्रंथ संपादित केला.

हॉलबाहेरही मेसन दिसत, ते पायाभरणीला. नोव्हेंबर १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत आला. तो इंग्लंडच्या मेसनांचा ग्रँड मास्टर. प्रिन्सेस डॉकचा पायाचा दगड त्यानं मेसनांच्या विधीनं बसवला. त्या विधीत दगडावर धान्य, मद्य आणि तेल वाहतात. पणजोबा तेव्हा पोरसवदा होते. त्यांच्याकडून आजोबांकडे आणि आजोबांकडून आमच्याकडे ही हकिकत आली ती अशी: “राजाच्या पोरानं दर्याला दारू पाजली, म्हणून गोदी टिकली.” एरवी वर्षावर्षानं नारळ अर्पण होणाऱ्या दर्याला एखादा पेला चालला असेल.

पण हे सारं एवढं गुप्त का ठेवायचं? त्याचं उत्तर मला आपल्याच शहरात सापडलं. रायझिंग स्टारनंतर सहा वर्षांनी, १८४९ मध्ये, दादोबा पांडुरंगांनी मुंबईत परमहंस सभा काढली. तीही गुप्तच. जात मोडायची म्हणून सभासद बंद दाराआड ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खात आणि मुसलमानाच्या हातचं पाणी पीत. १८६० मध्ये सभेचे कागद चोरीला गेले, नावं फुटली, आणि सभा मोडली. त्या काळात दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या रंगाच्या माणसाशेजारी बसायचं तर आधी दार लावावं लागे. परमहंसवाल्यांचं दार ढकलताच उघडलं. लॉजच्या दाराला टायलर होता आणि त्याच्यामागे राज्यकर्ते होते, म्हणून ते टिकलं. पिढ्यान् पिढ्या साहेबांच्या क्लबांत हिंदी माणसाला मज्जाव होता. दोघांसाठी मिळून विलिंग्डन क्लब निघाला तो १९१८ मध्ये. त्याच्या पाऊणशे वर्षं आधी लॉजच्या फरशीवर दोघं शेजारी बसले होते.

ह्या समतेला कुंपणंही होती. वर्गणी, पोशाख, इंग्रजी हे ज्याला परवडेल त्याचंच बंधुत्व. पाणसळ आत होती, पायरीवर नव्हती. आणि बायकांना तर मुळीच प्रवेश नव्हता. ॲनी बेझंट १९०२ मध्ये स्त्री-पुरुष दोघांना घेणाऱ्या निराळ्या पंथात शिरल्या, तेही माणेकजींसारखं पॅरिसला जाऊनच. आत बायका नसतात, हे आमच्या आजीला आजोबांकडून कळलं होतं. ती म्हणाली होती, “बायका नाहीत, म्हणजे आत भुतंच असणार. आणखी कोण राहील तिथे?”

स्वातंत्र्यानंतर काही काळ लॉजं लंडन, एडिंबरो आणि डब्लिनकडे पाहत राहिली. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झालं, तरी काही जुनी लॉजं आजही विलायती सनदेवरच चालतात. एके काळी मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीतही लॉजच्या इमारतीला लोक जादूघरच म्हणत. पाकिस्तानात १९७२ मध्ये फ्रीमेसनांवर बंदी आली, इमारती सरकारजमा झाल्या. कराचीच्या जादूघरात आता वन्यजीव खात्याचं कार्यालय आहे.

आपल्याकडचं जादूघर शाबूत आहे, ही मोठी गोष्ट. पण नुसती इमारत जपून भागणार नाही. कोण कुणाशेजारी बसला, कुणाच्या नावाला विरोध झाला, कुणासाठी किती मदत काढली, हे सभांच्या जुन्या वह्यांत असतं, आणि एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईचा तो एक न वाचलेला भाग आहे. ज्या कारणासाठी दार लावावं लागत होतं, ते कारण संपलं. तेव्हा विधी मंडळींनी खुशाल आपल्यापाशी ठेवावेत. पन्नास-शंभर वर्षांहून जुन्या वह्या मात्र अभ्यासकांना वाचायला द्याव्यात. आणि वाचकहो, पुढच्या वेळी हॉल सर्वांसाठी खुला असेल तेव्हा घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला सोबत घेऊन जा, त्यांनी ऐकलेलं तिथेच त्यांच्याकडून वदवून घ्या आणि लिहून ठेवा.