टेबल टेनिस आधी पायांचे, मग हाताचे

आमच्या देवनारला हल्ली आठ-नऊ वर्षांची मुलेही टेबल टेनिसच्या क्लासला जातात. एखादा खांदा चोळत घरी येतो आणि तरी आईवडील विचारतात, "टेबलावरचा वेळ अजून वाढवू का?" मला याचे उत्तर या खेळाच्या इतिहासात दिसते. तो इतिहास थोडा मुंबईतही घडला आहे.

पूर्वी हा खेळ चिकाटीचा होता. १९३६ साली प्रागच्या जागतिक स्पर्धेत एरलिख आणि पानेथ यांचा एकच गुण दोन तासांहून अधिक चालला! दोघे चेंडू नुसता पलीकडे ढकलत राहिले.

फेब्रुवारी १९५२ मध्ये ही स्पर्धा प्रथमच आशियात आली, ती मुंबईला, ब्रेबॉर्न स्टेडियमवर. जपानच्या चष्मेवाल्या हिरोजी सातोच्या बॅटला जाड स्पंज होता. चेंडूचा आवाजच येईना, त्यामुळे समोरच्याचा अंदाज चुके. सातो विजेता ठरला. सातपैकी चार विजेतेपदे जपानने नेली.

सगळे म्हणाले, स्पंजची करामत! पण स्पंज काय, कोणालाही लावता येत होता. तरी १९५४ ते १९५७ पुरुष एकेरी जपानकडेच राहिली. ओगिमुरा दोनदा, तनाका दोनदा. पेन धरावे तशी बॅट धरून ते पाच फूट रुंदीचे टेबल मुख्यतः फोरहँडने राखत. त्यासाठी पाय पळायलाच हवेत.

२००० साली चेंडू ३८ मिलिमीटरचा ४० झाला, २००१ मध्ये गेम २१ ऐवजी ११ गुणांचा. आता बहुतेक गुण काही सेकंदांत संपतात. गुडघे वाकवून आडवे सरकायचे, थांबायचे, पुन्हा झेपावायचे. फटक्याचा जोर पायातून कमरेत आणि तिथून हातात येतो. खालचे कच्चे असेल तर भार खांद्यावर पडतो. शिवाय वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कोवळी कूर्चा असते. त्याच त्या ताणाने ती दुखावते.

म्हणून टेबलावरचा एक तास कमी करा आणि मुलांना दोरीवरच्या उड्या मारू द्या, खो-खो खेळू द्या. उकिडवे बसणे, झटकन उठणे, दिशा बदलणे, सगळे त्यात आहे. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी. आणि दुखणे हटेना तर सराव थांबवून डॉक्टर गाठा.

असो. मेडल पुढेही मिळेल, खांदा मात्र जन्मभर वापरायचा आहे.