तोरापल्लीचे राजाजी

जॉर्ज टाउनच्या पूर्व अंगाने बंदराला लागून जाणाऱ्या रस्त्यास पूर्वी नॉर्थ बीच रोड म्हणत. आज त्याचे नाव राजाजी सालै असे आहे. कस्टम्स हाउस, मुख्य टपाल कचेरी, रिझर्व्ह बँक, बंदराची कार्यालये अशी सरकारी सत्तेची ठाणी या एकाच रस्त्यावर उभी आहेत. परवाना, शिक्का आणि स्वाक्षरी यांवाचून येथे पान हलत नाही. ज्यांचे नाव या रस्त्याने धारण केले आहे, त्या चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी मात्र आपल्या आयुष्याची अखेरची वर्षे ‘परमिट-लायसन्स राज्या’शी झगडण्यात वेचली. आमच्या मंडळातील कित्येक कुटुंबे केंद्र सरकारच्या नोकरीनिमित्त या नगरीत आली व येथेच रुजली. त्यांनी या गृहस्थाची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

राजाजी जन्माने खेड्यातले. होसूरजवळच्या तोरापल्ली या गावी 10 डिसेंबर 1878 रोजी त्यांचा जन्म झाला. वडील गावचे मुन्सफ. घर अय्यंगार ब्राह्मणाचे, आचारविचारांचे. बंगळूर व मद्रास येथे शिक्षण झाल्यावर 1900 साली त्यांनी सेलम येथे वकिली आरंभिली. तरुणपणी त्यांचा ओढा लोकमान्य टिळकांच्या जहाल राजकारणाकडे होता. 1907 च्या सुरत काँग्रेसलाही ते उपस्थित होते. 1919 साली गांधीजी मद्रासला त्यांच्याच घरी उतरले असता देशव्यापी हरताळाची कल्पना त्यांना सुचली, आणि तेव्हापासून राजाजी गांधीजींचे झाले.

1925 साली ते तिरुचेंगोडजवळच्या एका खेड्यात आश्रम काढून राहिले. सूतकताई व दारूबंदी ही तेथील मुख्य कामे. शेतकऱ्याचे घर दोन गोष्टींनी बुडते, एक सावकाराचे कर्ज आणि दुसरी ताडीचे दुकान, हा त्यांचा अनुभव तेथे पक्का झाला. पुढे 1930 साली मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी तिरुचिरापल्लीपासून वेदारण्यमपर्यंत सुमारे 150 मैलांची पदयात्रा काढली.

महाराष्ट्राशीही त्यांचा ऋणानुबंध जडला, तो पुण्यात. 1932 च्या सप्टेंबरात येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचे उपोषण चालू असता जो पुणे करार झाला, त्याच्या वाटाघाटींत राजाजी होते. करार झाल्याच्या आनंदात त्यांनी व डॉ. आंबेडकरांनी आपापली फाउंटन पेने एकमेकांना दिली, असे सांगतात. पुढच्याच वर्षी त्यांची कन्या लक्ष्मी व गांधीजींचे पुत्र देवदास यांचा विवाह पुण्यासच, ‘पर्णकुटी’ बंगल्यात झाला. अय्यंगाराची कन्या वैश्याच्या घरी गेली. ज्यांना लोक पुराणमतवादी म्हणत, त्यांनी हे केले, हे ध्यानी ठेवावे.

1937 साली ते मद्रास प्रांताचे पंतप्रधान झाले. (त्या काळी प्रांताच्या मुख्यमंत्र्यास तसे म्हणत.) त्याच वर्षी 1 ऑक्टोबरपासून सेलम जिल्ह्यात दारूबंदी आली, 1938 साली शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. दारूचे उत्पन्न बुडाल्याने तिजोरीस पडलेले खिंडार बुजविण्यासाठी 1939 साली विक्रीकर आणण्यात आला. त्याच वर्षी मदुराईचे मीनाक्षी मंदिर हरिजनांस खुले झाले आणि प्रवेश देणाऱ्यांच्या संरक्षणार्थ सरकारने कायदा केला. जुन्याचा अभिमान बाळगणारा माणूस जुन्यातील अन्यायाचाही अभिमान बाळगतोच असे नाही.

परंतु याच कारकिर्दीत एक मोठा पेच उभा राहिला. 1938 साली सव्वाशे माध्यमिक शाळांत हिंदी सक्तीची करण्याचा हुकूम निघाला. जॉर्ज टाउनमध्ये मिंट स्ट्रीटवरील हिंदू थिऑलॉजिकल हायस्कूलपुढे निदर्शने होऊ लागली. हजाराहून अधिक लोक तुरुंगात गेले. नटराजन व तालमुत्तु हे दोन तरुण 1939 साली कैदेत असताना मरण पावले. काँग्रेस मंत्रिमंडळ गेल्यावर, 1940 साली हा हुकूम मागे घेण्यात आला. आम्हां मराठी माणसांस या प्रकरणाचे मर्म चटकन उमगत नाही. देवनागरी आम्ही बाराखडीबरोबरच शिकतो. हिंदी आम्हांस पावकी-निमकीइतकीच सोपी वाटते. ज्याची लिपी निराळी, भाषेचे कूळच निराळे, त्याच्या मुलावर ती लादली गेली म्हणजे काय वाटते, याची कल्पना इतकी वर्षे येथे राहूनच आम्हांस आली. राजाजींनीही पुढे मत बदलले आणि 1950 नंतरच्या दशकात हिंदीच्या सक्तीविरुद्ध ते खंबीरपणे उभे राहिले.

21 जून 1948 रोजी ते स्वतंत्र भारताचे गव्हर्नर जनरल झाले. त्या पदावरील ते पहिले व अखेरचे भारतीय. 1952 साली ते पुन्हा मद्रासचे मुख्यमंत्री झाले आणि अन्नधान्यावरील नियंत्रणे त्यांनी उठविली. ते धाडस यशस्वी ठरले. 1953 सालची ग्रामीण शाळांची योजना मात्र त्यांस भोवली. मुलांनी दिवसातून तीनच तास शाळेत बसावे, उरलेल्या वेळात घरचा धंदा शिकावा, म्हणजे तेवढ्याच शिक्षकांत दुप्पट मुले शिकतील, असा हिशेब होता. कागदावर तो चुकीचा नव्हता. परंतु परटाच्या मुलाने परीटकामच शिकावे काय, हा प्रश्न गावोगाव विचारला गेला. विरोधकांनी तिला ‘कुलक्कल्वि’ म्हणजे कुळाचे शिक्षण असे नाव दिले आणि त्या एका शब्दाने योजनेचा निकाल लावला. 1954 च्या एप्रिलात राजाजी पायउतार झाले. त्यांच्या जागी आलेल्या कामराजांनी ती योजना रद्द केली.

1959 च्या जानेवारीत नागपूर काँग्रेसने सहकारी सामुदायिक शेतीचा ठराव केला. शेतकऱ्याची जमीन शेतकऱ्याच्याच हाती राहिली पाहिजे, असे म्हणून ऐंशी वर्षांचे राजाजी पुन्हा कंबर कसून उभे राहिले. मुंबईचे मिनू मसानी व आंध्रचे शेतकरी नेते एन. जी. रंगा यांच्यासह त्यांनी त्याच वर्षी स्वतंत्र पक्ष स्थापन केला. 1962 साली लोकसभेत त्याच्या 18 जागा आल्या, 1967 साली 44. याच निवडणुकीत त्यांनी द्रविड मुन्नेत्र कळघमशी हातमिळवणी केली. हिंदीविरोधी चळवळीत वाढलेल्या मंडळींशीच ही युती होती. 1971 साली त्याच पक्षाच्या सरकारने दारूबंदी उठविण्याचे ठरविले, तेव्हा 92 वर्षांचे राजाजी मुख्यमंत्री करुणानिधी यांच्या घरी विनवणी करावयास गेले. ती विफल झाली. 25 डिसेंबर 1972 रोजी मद्रास येथे त्यांचे देहावसान झाले. 1974 साली स्वतंत्र पक्षही विलीन झाला.

या चरित्राकडे पाहता आमच्या मनात एक विचार येतो. सरकारने गृहस्थाच्या उंबऱ्याबाहेर थांबावे, ही राजाजींची शिकवण. ज्या दोन वेळी ते स्वतः सत्तेच्या बळावर तो उंबरा ओलांडून आत गेले, एकदा मुलांच्या जिभेपर्यंत आणि एकदा त्यांच्या भवितव्यापर्यंत, त्या दोन्ही वेळी लोकांनी त्यांना त्यांचीच शिकवण परत ऐकविली. दारूबंदीनेही उंबरा ओलांडला होता, हे खरे. पण तेथे घरची गृहिणी त्यांच्या बाजूस होती.

1991 साली बहुतेक उद्योगांवरील परवान्यांचे जोखड उतरले, ते पाहावयास राजाजी नव्हते. 2003 पासून तामिळनाडूत किरकोळ मद्यविक्री खुद्द सरकारी महामंडळ करीत आहे, हे पाहण्याचे दुःखही त्यांच्या वाट्यास आले नाही. आम्हां सरकारी नोकरांपुरते बोलावयाचे तर त्यांच्या आयुष्यातून एवढेच उचलावे. समोरच्या अर्जावर शिक्का उमटविताना पलीकडे एक घर आहे, त्याची एक भाषा आहे आणि आपल्या मुलांविषयी त्याची काही स्वप्ने आहेत, याचा विसर पडू देऊ नये. परप्रांतात आपले घर, आपली भाषा व आपली मुले जपण्यासाठीच तर मंडळ स्थापणाऱ्यांनी हा खटाटोप केला. जे आपणांस हवे, ते यजमानाचेही मानावे, हाच या सुवर्णमहोत्सवी वर्षी त्याचा खरा अर्थ होय.