उत्तर कुणाच्या पत्त्यावर?

तरुणपणी मी सोलापूरहून एका बुजुर्ग शायरांकडे इस्लाहसाठी गझला पाठवीत असे. इस्लाह म्हणजे उस्तादांनी शागिर्दाच्या रचनेत केलेली दुरुस्ती. एकदा त्यांचं उत्तर आलं ते पोस्टकार्डावर. ‘तिसऱ्या शेरात काफिया चुकला आहे.’ कार्ड माझ्या हाती पडण्याआधी ते वाड्यातल्या दोघातिघांनी वाचलं होतं. संध्याकाळी कोपऱ्यावरचा चहावाला विचारता झाला, ‘‘काय शायर, काफिया चुकला म्हणे?’’ चूक खरीच होती. ती दाखवल्याचं मला दुःख नव्हतं; ती गल्लीला दाखवली गेली, याचं होतं.

मित्रहो, उत्तर काय द्यावं याचा आपण विचार करतो. ते कुणाकुणाच्या कानी जावं, याचा क्वचितच करतो. आज मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये हा प्रश्न रोज पडतो. पण साडेतीनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये एका माणसाला तो प्रत्येक टपालाबरोबर पडत होता. त्याचं नाव हेन्री ओल्डेनबर्ग.

मूळचा जर्मनीतल्या ब्रेमेनचा हा गृहस्थ रॉयल सोसायटीचा चिटणीस होता. युरोपभरच्या विद्वानांची पत्रं त्याच्याकडे येत. कुठलं पत्र सभेत वाचायचं, कुठलं कुणाकडे पाठवायचं, कुठलं छापायचं, हे बरंचसं तोच पाहत असे. मार्च १६६५मध्ये त्याने ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक सुरू केलं आणि एकाला लिहिलेलं पत्र अनेकांचं झालं. या परदेशी पत्रव्यवहारापायी संशय येऊन १६६७मध्ये त्याला टॉवर ऑफ लंडनमध्ये कैदही भोगावी लागली. सुटल्यावर त्याने पुन्हा पत्रं लिहायला घेतली.

फेब्रुवारी १६७२मध्ये केंब्रिजहून त्याच्याकडे एक पत्र आलं. पांढरा प्रकाश अनेक रंगांच्या किरणांचा मिळून झालेला असतो, असं त्यात म्हटलं होतं. लिहिणारा होता आयझॅक न्यूटन. पत्र सभेत वाचलं गेलं, त्याच महिन्यात छापून आलं. आठवडाभरातच रॉबर्ट हूक यांनी टीका लिहिली. तीही सभेत वाचली गेली. न्यूटन तिथे नव्हता. मात्र न्यूटनचा अवमान वाटेल म्हणून ती छापली नाही. नोव्हेंबरात न्यूटनचं उत्तर तेवढं छापलं गेलं. म्हणजे सभेने आक्षेप ऐकला आणि वाचकांनी नुसतं उत्तर वाचलं!

पॅरिसहून हायगेन्स यांचे, लीएजहून जेझुइट पाद्र्यांचे आक्षेप येतच राहिले. प्रत्येकाला जाहीर उत्तर द्यायचं, त्यावर पुन्हा आक्षेप. न्यूटन इतका वैतागला, की १६७३मध्ये त्याने सोसायटीच सोडण्याची भाषा केली. ओल्डेनबर्गने त्याची समजूत काढली.

मग जानेवारी १६७६मध्ये हूकने एक वेगळी गोष्ट केली. मधल्या माणसाला वगळून त्याने थेट न्यूटनला पत्र लिहिलं : मतभेद आपण दोघंच पत्रांतून बोलू. न्यूटनचं उत्तर सौम्य होतं. पुष्कळ साक्षीदारांपुढे जे चालतं, त्यात सत्याखेरीज आणखीही काही गुंतलेलं असतं. मित्रांत खासगीत चालते ती मसलत, अशा आशयाचं त्याने लिहिलं. थोरांच्या खांद्यांवर उभं राहून दूरचं पाहण्याविषयीचं त्याचं प्रसिद्ध वाक्य याच पत्रातलं.

तो समेट टिकला नाही. वादात पडायला नको म्हणून न्यूटनने प्रकाशावरचा आपला ग्रंथ मागे ठेवला. हूक १६०३मध्ये नव्हे, तर १७०३मध्ये वारला, आणि ‘ऑप्टिक्स’ आला त्याच्या पुढच्याच वर्षी. पहिल्या पत्रानंतर बत्तीस वर्षांनी! एवढा काळ जगाने वाट पाहिली.

म्हणून सगळंच खासगीत बोलावं, असं मी म्हणणार नाही. प्रकाशाचा सिद्धान्त न्यूटनच्या घरचा नव्हता. त्यावरचा आक्षेप चारचौघांत यायला हवा होता, छापलाही जायला हवा होता. विचार सर्वांचा असतो, त्याची तपासणीही सर्वांसमोर व्हावी. पण माणसाचं उणं दाखवायचं असेल, तर आधी त्याचं दार वाजवावं. ओल्डेनबर्गच्या टेबलावर या दोन्ही गोष्टी एकाच पाकिटातून येत. त्या वेगळ्या करणं त्यालाही दर वेळी साधलं नाही. आपल्याला तर पाकीट फोडायचीही सवड नसते. बोट पडतं आणि उत्तर सर्वांना जातं.

पुढे ईदला मी उस्तादांना भेटायला गेलो. चहावाल्याचा किस्सा सांगितला. ते हसले नाहीत. काही बोललेही नाहीत. पण त्यानंतर त्यांची दुरुस्ती नेहमी बंद पाकिटातून आली. आणि वर्षभराने एका गझलेवर त्यांनी फक्त ‘वाह!’ लिहून पाठवलं, ते पोस्टकार्डावर.