परत पाठवणारा व्हिसा आणि घरी न येणारी पोरं

(पोस्ट मोठी आहे. घरातलं कुणी अमेरिकेत संशोधनाला किंवा डॉक्टरकीच्या प्रशिक्षणाला असेल, तर वेळ काढून वाचा.)

जे-१ व्हिसावर अमेरिकेत गेलेला मुलगा सख्ख्या बहिणीच्या लग्नाला का येत नाही, याचं उत्तर १९४६ सालापासून सुरू होतं.

आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात हे उत्तर कुणी शोधत नाही. इथे निकाल लगेच लागतो. "पोरगं बदललं." "बायको येऊ देत नसेल." "डॉलर दिसले की आईबाप दिसत नाहीत." गेल्या वर्षभरात अशा दोन-तीन घरांत माझं बसणं-बोलणं झालं. सगळीकडे आईबाप एकच सांगत होते: "तो म्हणतो, आलो तर परत जाता येईल की नाही सांगता येत नाही. पण व्हिसा तर सरकारनेच दिलाय ना?" मी वकील नाही, पत्रकार आहे. पण या प्रश्नामागे जो इतिहास आहे तो मराठीत कुणी सांगत नाही, म्हणून लिहितोय.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. 'शिकायला जा, पण परत ये' ही अट काही अमेरिकेने शोधलेली नाही. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची, असा करार त्यात होता. १९१७ मध्ये बाबासाहेब त्या करारापोटी बडोद्यात रुजूही झाले. पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. जातीपायी राहायला जागा मिळेना आणि त्यांना बडोदा सोडावं लागलं. माणसाला परत बोलावणं एका कागदावर होतं. परत आलेल्याला जागा देणं कागदावर होत नाही.

आता अमेरिकेकडे येऊ. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकन सैन्याचं प्रचंड सामान जगभर पडून होतं. ते विकून येणारा पैसा देशोदेशींच्या विद्यार्थी-प्राध्यापकांच्या देवाणघेवाणीला वापरावा, ही कल्पना आर्कान्सासचे सिनेटर विल्यम फुलब्राईट यांची. १ ऑगस्ट १९४६ ला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्या कायद्यावर सही केली. १९४८ मध्ये स्मिथ-मुंट कायदा आला आणि या देवाणघेवाणीचा पाया रुंद झाला. २ फेब्रुवारी १९५० ला पंडित नेहरू आणि अमेरिकेचे राजदूत लॉय हेंडरसन यांनी करार केला आणि भारतात फुलब्राईट सुरू झालं. आपल्याकडचे कितीतरी प्राध्यापक त्या वाटेने गेले आणि परत येऊन इथल्या विद्यापीठांत शिकवू लागले.

यामागे काही नुसती दानत नव्हती. शीतयुद्धाचे दिवस होते. परदेशी माणूस यावा, शिकावा आणि मायदेशी जाऊन अमेरिकेबद्दल चार बरे शब्द बोलावेत, हा हिशोब होता. पण माणसं यायची ती तिकडेच थांबू लागली. मग १९५६ मध्ये अमेरिकन संसदेने कायद्याने अट घातली की या योजनेत आलेल्याने आधी दोन वर्षं परदेशी जाऊन राहायचं, त्याशिवाय अमेरिकेत स्थायिक होण्याचा अर्ज करायचा नाही. १९६१ च्या फुलब्राईट-हेज कायद्याने या पाहुण्यांसाठी व्हिसाचा वेगळा वर्ग केला. तोच आजचा 'जे' व्हिसा. दोन वर्षांची अटही त्याला कायम राहिली.

म्हणजे हा व्हिसा जन्मला तोच 'काम झालं की घरी जा' म्हणत.

१९७० मध्ये ही अट सैल झाली. सरसकट सगळ्यांऐवजी दोन गटांनाच ती लागू राहिली: सरकारी पैशावर गेलेले, आणि ज्यांच्या विद्येची मायदेशाला गरज आहे असे. दुसऱ्या गटासाठी कुठल्या देशाला कुठल्या विषयातली माणसं हवीत याची यादी निघाली. पहिली यादी १९७२ ची. भारताचं नाव त्यात वर्षानुवर्षं होतं. १९७६ मध्ये तिसरा गट जोडला गेला, रुग्णालयात प्रशिक्षण घेणाऱ्या परदेशी डॉक्टरांचा. पण तिकडच्या खेड्यांतही डॉक्टर मिळेनात. मग १९९४ मध्ये नॉर्थ डाकोटाचे सिनेटर केंट कॉनराड यांच्या पुढाकाराने पळवाट निघाली. डॉक्टर नाहीत अशा भागात तीन वर्षं सेवा द्या, दोन वर्षांची अट माफ. आपल्याकडे ग्रामीण सेवेच्या बाँडवरून दरवर्षी वाद होतो. तिकडे आपलेच डॉक्टर अमेरिकेतल्या खेड्यात ती सेवा देतात.

या अटीबद्दल एक मोठा गैरसमज आहे. दोन वर्षं भरली नाहीत तर अमेरिकेचं दार कायमचं बंद, असं नाही. तोवर एच-१बी, एल-१ किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही, एवढंच. आणि मधे घरी भेटीला येण्यावर ही अट अजिबात बंदी घालत नाही.

मग मुलगा घाबरतो कशाला?

इथे व्हिसा आणि राहण्याचा हक्क यातला फरक समजून घ्यायला हवा. व्हिसा ही वाड्याच्या दिंडीदरवाज्याची किल्ली आहे. आतल्या खोलीत किती दिवस राहायचं ते भाडेकरार ठरवतो. जे-१ वाल्याचा भाडेकरार म्हणजे डीएस-२०१९ नावाचा कागद. (पूर्वी त्याला आयएपी-६६ म्हणायचे.) तो त्याला बोलावणारं विद्यापीठ किंवा संस्था देते. पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपली तरी हा कागद चालू असेल आणि नियम पाळले असतील, तर अमेरिकेत राहणं पूर्ण कायदेशीर. म्हणून "व्हिसा संपलाय, पण राहता येतं" हे पोरगं सांगतं ते खरंच असतं.

घोळ बाहेर पडल्यावर होतो. परत आत जायचं तर चालू व्हिसा लागतो, आणि डीएस-२०१९ वर संस्थेच्या जबाबदार अधिकाऱ्याची प्रवासासाठी केलेली सही लागते. ही सही बहुतेकांच्या बाबतीत जास्तीत जास्त एक वर्ष चालते. व्हिसा संपलेला असेल तर नवा शिक्का अमेरिकेत बसून मिळत नाही. देशाबाहेरच्या वकिलातीतच जावं लागतं. आपल्या लोकांसाठी बहुधा मुंबईत, बीकेसीला. एक सवलत आहे. कॅनडा किंवा मेक्सिकोत तीस दिवसांपेक्षा कमी राहून आलं, तर बहुतेकांना संपलेल्या व्हिसावरही परत घेतात. पण तिथे जाऊन नवा व्हिसा मागितला की ती सवलत गेली. आणि लग्न काही टोरांटोत नसतं.

हे नियम जुने आहेत, मग भीती नवी का? ती टप्प्याटप्प्याने वाढत गेली.

पहिला टप्पा २००१. न्यूयॉर्कच्या हल्ल्यानंतर सहा महिन्यांनी, मार्च २००२ मध्ये, विमान चालवायला शिकलेल्या दोन हल्लेखोरांच्या विद्यार्थी म्हणून मंजुरीची पत्रं त्यांच्या प्रशिक्षण शाळेत पोचली. माणसं मेलेली, कागद नंतर आले. अमेरिकेत गहजब झाला. २००३ पासून सेविस नावाची संगणकीय यंत्रणा लागू झाली. परदेशी विद्यार्थी आणि संशोधकाचा पत्ता, संस्था, अभ्यासक्रम, सगळं त्यात.

दुसरा टप्पा जानेवारी २०१७. सात देशांच्या नागरिकांना एका आदेशाने प्रवेशबंदी झाली. हातात व्हिसा असलेली माणसं विमानतळावर अडकली. भारत त्या यादीत नव्हता, पण माणूस हवेत असताना नियम बदलू शकतो, हे सगळ्यांनीच पाहिलं. जून २०२० मध्ये एच-१बी सोबत जे-१ चेही काही प्रकार थांबवले गेले.

तिसरा टप्पा २०२५. मे महिन्यात विद्यार्थी आणि जे व्हिसाच्या नव्या मुलाखती थांबल्या. जूनमध्ये पुन्हा सुरू झाल्या त्या एका अटीवर: अर्जदाराने आपली समाजमाध्यमांची खाती सगळ्यांना दिसतील अशी खुली ठेवायची. सप्टेंबरपासून मुलाखतीची माफी जवळपास गेली. आधी अनेकांचे कागद नुसते पेटीत टाकून काम व्हायचं. शिवाय अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच करा, असं सांगितलं गेलं. म्हणजे लग्नाला दोन आठवड्यांसाठी आलेल्याने हळदीच्या आधी मुलाखतीची तारीख शोधायची. विज्ञान-तंत्रज्ञानातला असेल तर 'प्रशासकीय छाननी' हे दोन शब्द त्याला झोपू देत नाहीत. त्यात आठवडे जातात, कधी महिने. तोवर तिकडची प्रयोगशाळा थांबते, पगार थांबतो, बायको-पोरं तिकडे आणि हा इकडे.

यातली खरी गंमत, किंवा दुःख म्हणा, पुढे आहे. ९ डिसेंबर २०२४ ला अमेरिकेने गरजेच्या विद्यांची यादी बदलली आणि भारताचं नाव त्यातून काढलं. केवळ या यादीमुळे दोन वर्षांच्या अटीत अडकलेले आपले लोक सुटले, आधी गेलेलेसुद्धा. (सरकारी पैशावर गेलेल्यांना आणि प्रशिक्षणार्थी डॉक्टरांना अट अजून आहेच.) आणि त्यानंतरच्या वर्षभरात काय झालं? पंधरा दिवसांसाठी घरी येणं पूर्वीपेक्षा अवघड झालं. 'दोन वर्षं घरी जाऊन राहा' असं सांगणारं कलम सैल झालं, आणि दोन आठवडे घरी येऊन जाण्याची वाट अरुंद झाली. देवाणघेवाणीसाठी बांधलेल्या पुलावर माणूस एका बाजूला अडकून बसला.

आपल्या सुरक्षेसाठी नियम करण्याचा अधिकार अमेरिकेला आहेच, कुठल्याही देशाला असतो. पण फुलब्राईटची कल्पना येण्या-जाण्यावर उभी होती. जो माणूस वडिलांच्या दहाव्यालाही येऊ शकत नाही, तो अमेरिकेबद्दल गावात काय चांगलं सांगणार? आणि सांगायला येणार कधी?

आपणही जरा स्वतःकडे पाहू. बडोद्याने करार करून माणूस परत आणला आणि त्याला खोली दिली नाही. आज संशोधन करून परतलेल्या मुलाला आपण काय देतो? तासिका तत्त्वावरची प्राध्यापकी? रिक्त जागांची जाहिरात कधी निघेल याची वाट? त्या मुलाला परतीचं तिकीट हातातून जाण्याची एवढी भीती वाटते, त्यात वकिलातीचा वाटा आहे तसा आपलाही आहे.

तेव्हा आईबापांना एक विनंती. फोनवर "कधी येतोस?" विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा. व्हिसाचा शिक्का कधीपर्यंत आहे? डीएस-२०१९ ची मुदत कधी संपते? त्यावर प्रवासाची सही कुठल्या तारखेची आहे? शिक्का चालू असेल तर शक्यतो तो संपायच्या आत भेट उरका. संपला असेल तर तिकीट काढण्याआधी त्याला संस्थेच्या अधिकाऱ्याशी बोलू द्या. लग्नाची तारीख ठरवताना पंचांगाशेजारी हा कागदही ठेवा. आणि एवढं करूनही तो आला नाही, तर शेजाऱ्यांना सांगा की पोरगं बदललेलं नाही, नियम बदललेत.